‘चूक कुणाची’चा रकाना

लिनक्सची नवी सीडी हातात पडली की आबा आधी अक्कांना हाक मारायचे. अक्का म्हणजे आमच्या संस्थेत झाडलोट करणाऱ्या बाई, अमळनेरकडच्या, चौथीपर्यंत शिकलेल्या. "अक्का, झाडू ठेव वं. आठे बस." अक्का पदराला हात पुसत संगणकासमोर बसल्या की आबा डोक्यावरची पांढरी टोपी काढून मॉनिटरवर ठेवत, खडीसाखरेचा एक टपोरा खडा गालात धरत आणि हात मागे बांधून भिंतीला टेकून उभे राहत. टोपी मॉनिटरवर म्हणजे आबांचं डोकं रजेवर. खडा गालात म्हणजे जीभही रजेवर. आता जे काय सांगायचं ते यंत्राने स्वतःच्या तोंडाने सांगावं.

ही त्यांची सॉफ्टवेअर तपासायची पद्धत. ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं. मीही तेव्हा हसले होते आणि ते हसणं पुढे मला चांगलंच महागात पडलं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. जळगावात गल्लोगल्ली संगणकाचे क्लास निघाले होते. आमची संस्था भांड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होती. खाली हंड्यांवर नावं ठोकत आणि वर आम्ही मुलांच्या डोक्यात संगणक ठोकत असू. मी रोज पाचोऱ्याहून गाडीने यायचे आणि तासिकेवर शिकवायचे. आबा लॅबचे प्रमुख. पन्नाशी नुकतीच ओलांडलेली, पण सगळे त्यांना आबाच म्हणत. संस्थेच्या संचालकांनी त्यांना मुळात लाइट गेल्यावर लागणाऱ्या बॅटऱ्यांची देखभाल करायला आणलं होतं. त्याआधी धुळ्याला त्यांचं विहिरीवरच्या मोटरी भरून देण्याचं दुकान होतं. जळालेल्या मोटरीतली तांब्याची तार काढायची आणि नवी गुंडाळायची, हे काम त्यांनी वीस वर्षं केलं. संगणक ते स्वतःच शिकले. विचारलं तर म्हणत, "मोटरसारखाच तो. आत शिरायला भ्यायचं नाही, आणि लाइट बंद केल्याशिवाय शिरायचं नाही."

मुंबईच्या एका संगणक मासिकाबरोबर तेव्हा लिनक्सच्या सीड्या येत. प्रणाली फुकट, कुणीही घ्यावी, कुणीही बसवावी. आबांना हे फार आवडलं होतं. विहीर गावाची असावी तसं, ते म्हणत. पण ती प्रणाली यंत्रात बसवून देणारा जो कार्यक्रम असतो, तो इन्स्टॉलर, त्यावर मात्र त्यांचा दात होता. पाहुणा कितीही सज्जन असो, त्याला घरी घेऊन येणारा मध्यस्थ उर्मट असेल तर काय उपयोग? म्हणून नवी आवृत्ती आली की आबा प्रणालीकडे ढुंकून पाहत नसत. ते फक्त मध्यस्थ तपासत.

त्यात माझं काम असं, की निळ्या पडद्यावर जे इंग्रजीत लिहिलेलं असेल ते अक्कांना मराठीत वाचून दाखवायचं. जसंच्या तसं. पदरचं एक अक्षर घालायचं नाही. मला ते जमत नसे. मी शिक्षिका, माझ्या तोंडून "म्हणजे बघा अक्का" हमखास निघायचंच. निघालं की आबा भिंतीवर बोटाने टकटक करत. "जे लिखेल शे तेच वाच," असं त्या टकटकीचं भाषांतर होतं.

पहिल्यांदा मी वाचायला बसले तेव्हा इन्स्टॉलरने विचारलं, तुम्ही कुठे राहता, शहर निवडा. घड्याळ लावण्यासाठी हवं होतं ते. जगभरातल्या शहरांची लांबलचक यादी, आणि त्यात आपल्या अख्ख्या देशाच्या नावाने एकच गाव: कलकत्ता. अक्का थांबल्या. "कलकत्ता कसाले? मी त जयगावमा शे."

आता काय वाचू? पुढे काही लिहिलेलंच नव्हतं. मी आबांकडे पाहिलं तर त्यांचे डोळे मिटलेले. अक्का पाच मिनिटं त्या यादीत जळगाव शोधत राहिल्या. मग त्यांनी निमूट कलकत्ता निवडलं, बदलीचा हुकूम आल्यासारखं.

पुढचा प्रश्न पासवर्डचा. टाइप केलेलं पडद्यावर दिसत नाही, हे आपल्याला माहीत. अक्कांना कुणी सांगितलेलं नव्हतं आणि पडद्यानेही सांगितलं नाही. त्यांनी एक अक्षर दाबलं. काही नाही. जोरात दाबलं. काही नाही. मग त्यांनी धुणं बडवल्यासारखा कीबोर्ड बडवला, आणि एकदम दोन्ही हात मांडीवर ओढून घेतले. तोंड कसनुसं झालं. "मी मोडं काय वं, ताई?"

कडाड् असा आवाज आला. आबांनी गालातला खडा दातांनी फोडला होता. समोरच्याने स्वतःला दोष दिला, तर एवढ्या एकाच कारणाने ते मौन मोडत. "तुना दोष नही, अक्का," ते पुढे येऊन म्हणाले. "तेना दोष शे." आणि त्यांनी संगणकाकडे असं बोट दाखवलं, की वर्गात उभ्या केलेल्या पोराने मान खाली घालावी.

मग वही निघायची. धुळ्याच्या दुकानातली जाड, तपकिरी पुठ्ठ्याची लांबट वही. तिच्यात तीन रकाने आखलेले: ‘मोटर कुणाची’, ‘काय झालं’, ‘चूक कुणाची’. आबांनी ‘मोटर’ खोडून वर ‘सीडी’ लिहिलं होतं, बाकी रकाने तेच ठेवले होते. कलकत्त्यासमोर त्या दिवशी ‘चूक कुणाची’मध्ये त्यांनी लिहिलं: ‘यादी’. पासवर्डसमोर लिहिलं: ‘मुका पडदा’. मी नंतर ती वही बरेचदा चाळली. त्या रकान्यात ‘लाइट’ असे, ‘बारीक अक्षर’ असे, एका ठिकाणी नुसतं ‘घाई’ होतं. माणसाचं नाव कुठेच नसे. वहीची पहिली काही पानं मात्र त्यांनी जाड दोऱ्याने शिवून बंद केली होती. विचारलं, तर म्हणाले, "त्या मोटरीच्या गोष्टी. तुला काय करायच्या?"

माणसाची चूक हा शब्दच त्यांना खपत नसे. आमच्या लॅबच्या भिंतीवर दुसऱ्या क्लासांत असते तशी ‘चपला बाहेर काढा’ पाटी होती, आणि तिच्याखाली आबांच्या हातची दुसरी: ‘काही बिघडल्यास स्वतःला शिव्या देऊ नयेत. लॅबप्रमुखांना बोलवावे.’ एखादी मुलगी रडवेली होऊन "सर, माझ्याकडून बंद पडलं" म्हणत आली, की ते तिला आधी वाक्य बदलायला लावत. "‘बंद पडलं’ म्हण. ‘माझ्याकडून’ काढ." ती पुन्हा म्हणेपर्यंत खुर्चीवरून उठत नसत. मला तेव्हा हा सगळा विक्षिप्तपणा वाटे. खरं सांगायचं तर, थोडा नाटकीपणाही वाटे.

आपली परीक्षणं ते सुवाच्य अक्षरात उतरवून त्या मासिकाला पाठवत. खाली सही अक्कांची. कारण परीक्षण केलं अक्कांनी, आबा तर भिंतीला टेकून उभे होते. अक्कांनाही त्याचं अप्रूप. जी सीडी त्यांच्या हातून विनातक्रार बसली तिच्या पाकिटाला त्या हळदकुंकू लावत. माझ्या आठवणीत अशा दोनच सीड्या निघाल्या. संपादकांचं एकदा उत्तर आलं: आपला उत्साह स्तुत्य आहे, परंतु परीक्षणात वेग, क्षमता, वैशिष्ट्यं यांचा विचार अपेक्षित असतो, सफाई कामगाराचं मत आमच्या वाचकांना उपयोगाचं नाही. आबांनी उलट टपाली पोस्टकार्ड टाकलं. त्यावर एकच ओळ होती: ‘आपल्या कचेरीत झाडू कोण मारतं, तिला आधी विचारून पाहावे.’ पुन्हा उत्तर आलं नाही. परीक्षणं मात्र दर वेळी जात राहिली.

आणि मग ती आवृत्ती आली. तिचं नाव मी सांगत नाही. तिच्यामागची माणसं दूर कुठेतरी चांगल्या मनानेच काम करत असणार. आमच्या संचालकांना जिल्ह्यातल्या सतरा शाळांचं काम मिळालं होतं. शाळांत संगणक आधीच पोचले होते, त्यांच्यावर ही नवी प्रणाली बसवायची. माणसं पाठवायची नाहीत. प्रत्येक शाळेला एक सीडी आणि एक सूचनापत्रक द्यायचं, शिक्षक स्वतःच बसवतील. फक्त आमच्या लॅबप्रमुखाचं एक पत्र जोडायचं होतं: ‘इन्स्टॉलर तपासला. सुरक्षित व सोपा आहे.’

काम मिळालं म्हणून संचालकांनी एका केळीच्या मळ्यात भरीत पार्टी दिली. हिवाळा होता. काड्यांच्या जाळावर वांगी भाजली, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आल्या. आबांनी दोन भाकरी खाल्ल्या, तिसरी मागून घेतली. संचालक स्वतः वाढायला आले. "मग आबा, पत्र उद्या होईल ना?"

"तपासून सांगतो."

"अहो, तपासायचं काय त्यात? जगभर लोक वापरताहेत."

"जगभर लाइट राहते," आबा म्हणाले आणि भाकरीकडे वळले.

दुसऱ्या दिवशी अक्का बसल्या. पडदे या खेपेला खरोखरच देखणे होते, रंगीत, माऊसवर चालणारे. अक्का खूश झाल्या. मीही मनात म्हटलं, चला, हळदकुंकवाची तिसरी सीडी. सुरुवातीला तीन पर्याय आले. मी वाचले: जुन्या प्रणालीशेजारी बसवायची, स्वतः जागा ठरवायची, किंवा सगळी डिस्क नव्या प्रणालीला द्यायची. अक्कांनी पहिला निवडला. बसलं. सुरळीत सुरू झालं. आबांच्या गालातला खडा विरघळून गेला तरी फोडायची वेळ आली नाही. आता त्यांची शेवटची परीक्षा उरली, ती म्हणजे चालत्या यंत्राची लाइट घालवून पाहायची. त्यासाठी ते यंत्र बॅटरीला जोडलेलं नव्हतं. पण ती त्यांना करावीच लागली नाही. साडेबाराला लाइट आपोआप गेली. आमच्याकडे ती घड्याळासारखी जायची. आम्ही गच्चीच्या सावलीत डबे खायला गेलो.

परत आलो तेव्हा लाइट आलेली होती आणि आबांच्या संगणकावर पट्टी सरकत होती: नव्वद टक्के, ब्याण्णव टक्के. कुणी काही सुरू केलेलं नव्हतं. खोलीला कुलूप होतं.

आबांनी पट्टीकडे पाहिलं. काय झालं ते त्यांनी आमच्याआधी ओळखलं. सीडी आतच होती. लाइट आली, आमच्या त्या जुन्या पद्धतीच्या यंत्राचं बटन दाबलेलंच होतं, म्हणून ते आपणहून चालू झालं. सीडीवरून इन्स्टॉलर सुरू झाला, त्याने ते तीन पर्याय समोर ठेवले, एक मिनिट वाट पाहिली, आणि कुणी बोलत नाही असं पाहून स्वतःच निर्णय घेतला: सगळी डिस्क मला. डिस्कवर आबांनी वहीतली चार वर्षांची परीक्षणं तीन महिने खपून टाइप केली होती. ती गेली.

मला वाटलं, आता हे खाली बसणार. आबांनी टाळी वाजवली. "सापडनं!" ते ओरडले. "अक्का, सापडनं वं! हा तर ऑटो शे!"

ऑटो म्हणजे काय हे खानदेशात कुणाला सांगावं लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगते. शेतात लाइट कधी येईल याचा भरवसा नसतो, म्हणून माणसं मोटरीला एक जुगाड लावून ठेवतात: लाइट आली की मोटर आपोआप सुरू. माणूस घरी निवांत. विहिरीत पाणी असेल तर सोन्याहून पिवळं. पाणी नसेल तर मोटर कोरडी फिरते आणि जळते. आबांचं वीस वर्षांचं दुकान या ऑटोवर चाललं होतं.

त्यांनी तो खेळ तीनदा करून पाहिला. घड्याळ माझ्या हातात दिलं. लाइट बंद, लाइट चालू, साठ सेकंद, डिस्क साफ. तिन्ही वेळा. मी तिन्ही वेळा सेकंद मोजले. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

संचालक पत्र घ्यायला आले तेव्हा आबा म्हणाले, "भरीत चांगलं व्हतं. सीडी नही."

संचालक वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आबा, बसवून झाल्यावर सीडी काढायची असते. सूचनापत्रकात लिहू. ठळक अक्षरात."

"सीडी बाहेर ठेवली तर धूळ बसते. आपल्याकडची धूळ! लोक टीव्हीला झालर शिवतात, फोनवर रुमाल टाकतात. मास्तर सीडी जपणार. जपायची म्हणजे कुठे ठेवायची? आतच ठेवणार."

"तर ती त्यांची चूक."

"नाही."

"सूचना वाचूनही पाळली नाही तर चूक कुणाची?"

"विहिरीवर पाटी लावून मोटर वाचत नाही, साहेब. पुसायच्या आधी त्याने विचारलं पाहिजे. उत्तर येईपर्यंत थांबलं पाहिजे. वर्षभर थांबावं लागलं तरी. ज्यांनी काम दिलं त्या मंडळींना कळवा, ही सीडी नको, मागची द्या. मागची अक्काने हळदकुंकू लावलेली आहे."

"मी सतरा शाळांना हळदकुंकवाचं कारण सांगू?" संचालकांचा आवाज चढला. "सही करा आबा, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

आबांनी मॉनिटरवरची टोपी उचलली, झटकली आणि डोक्यावर ठेवली. वही काखेत मारली. अक्कांना म्हणाले, "येस, अक्का," म्हणजे येतो. जिना उतरून गेले. तो माणूस आठ वर्षं तिथे होता, आणि त्याला निघायला मिनिटही लागलं नाही.

संचालकांनी कागद माझ्यापुढे सरकवला. ‘लॅबप्रमुख’ खोडून त्यांनी ‘प्रभारी लॅबप्रमुख’ लिहिलं.

मी सही केली. त्या वर्षी घरी माझ्या लग्नाची बोलणी जोरात होती. नोकरी आहे तोवर थांबू, असं वडिलांनी कबूल केलं होतं. नोकरी गेली असती तर पाचोऱ्याच्या घरात दर रविवारी पोह्यांची बशी घेऊन बाहेर यायचं माझ्या नशिबी आलं असतं. हे कारण खरं आहे. पण कारण म्हणजे माफी नव्हे, हेही मला तेव्हाच माहीत होतं. अक्का दारात झाडू घेऊन उभ्या होत्या. त्या झाडायला लागल्या. त्यानंतर त्या माझ्याशी ‘ताई’ म्हणून कधी बोलल्या नाहीत, ‘मॅडम’ म्हणू लागल्या.

उन्हाळ्याच्या तोंडाला एका शाळेचा निरोप आला. सातपुड्याच्या पायथ्याची शाळा, एसटी दिवसातून दोनदा. संगणकातलं सगळं गेलं होतं. संचालकांनी मला पाठवलं. मुख्याध्यापकांनी दारातच सांगितलं, "आमच्या बाईंनी काहीतरी दाबलं."

बाई माझ्याच वयाच्या. डोंगरातल्या पाड्यांवरच्या दोनशेवर मुलांच्या शिष्यवृत्तीची माहिती त्यांनी चार महिने शाळा सुटल्यावर बसून भरली होती. नाव, जन्मतारीख, बापाचं नाव, पाडा. कितीतरी मुलांचे दाखलेच नव्हते, तेव्हा बाई पायी पाड्यांवर जाऊन आयांना विचारून आल्या होत्या, कोणत्या होळीच्या आधी झाला, कोणत्या पावसात झाला. संगणकावर क्रोशाचं आच्छादन होतं. मी ते काढलं, कप्पा उघडला. आत सीडी होती. स्वच्छ, एक कण धूळ नाही.

"बाई, ही आत का ठेवली?"

"खराब होऊ नये म्हणून," त्या म्हणाल्या. मग घाईने म्हणाल्या, "मी काही दाबलं नाही हो. मी त्या दिवशी शाळेत नव्हतेच." आणि मग माझ्या तोंडाकडे बघत, हळू आवाजात म्हणाल्या, "पण दाबलंही असेल. माझ्याकडूनच काहीतरी झालं असेल."

माझ्या कानात खडा फुटल्याचा आवाज आला. जे झालं ते त्या क्षणी झालं, पुढचं सगळं नुसतं हातांनी केलं. मी मुख्याध्यापकांकडून कोरा कागद मागितला. त्यावर लिहिलं की, या शाळेतल्या शिक्षिकांचा यात काहीही दोष नाही. सीडीत दोष आहे. तो आमच्या संस्थेला आधीपासून माहीत होता. आणि सुरक्षित असल्याच्या पत्रावर सही माझी आहे. खाली पुन्हा सही केली. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, हे लेखी कशाला?" मी म्हटलं, "कारण खोटंही लेखीच दिलं होतं."

त्याच कागदाच्या सोळा प्रती मी बाकीच्या शाळांना टपालाने पाठवल्या, सीडी काढून फेकून द्या म्हणून. आठवड्यात संचालकांनी मला घरी पाठवलं. बरंच झालं. सुट्टीभर मी त्या बाईंकडे राहिले आणि दोघींनी मिळून दोनशे मुलं पुन्हा भरली. पाड्यांवर मीही हिंडले. वडिलांना सांगितलं, रविवारी पाहुणे बोलवायचे तर बोलवा, पण मी घरी नसेन. 

मग धुळ्याला गेले. पाच कंदील चौकाच्या मागे आबांनी दुकान पुन्हा उघडलं होतं, वार्निशचा वास दूरवर येत होता. आबा मोटर भरत बसले होते. "ये, मास्तरीनबाई," म्हणाले. मी बोलायला लागले तसा त्यांनी डबीतून खडीसाखरेचा खडा काढून गालात धरला. म्हणजे ऐकणार, मध्ये बोलणार नाही. मी सगळं सांगितलं. पोह्यांच्या बशीसकट.

"वही काढा आबा," शेवटी मी म्हटलं.

त्यांनी वही काढली. त्या सीडीचं पान मी उघडलं. ‘काय झालं’मध्ये लिहिलं होतं: ‘न विचारता पुसलं.’ ‘चूक कुणाची’चा रकाना मोकळा होता.

"इथे माझं नाव लिहा."

त्यांनी मान हलवली. खडा गालात सरकवून म्हणाले, "त्या रकान्यात माणूस लिखत नही."

तेव्हा मी चिडले. त्यांच्यावर आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं. "आबा, अक्काला कुणी सांगितलं नव्हतं. त्या बाईंना कुणी सांगितलं नव्हतं. मला सांगितलं होतं. तीनदा दाखवलं होतं. घड्याळ माझ्या हातात होतं. मला ठाऊक होतं आणि मी सही केली. मला अक्काच्या रांगेत बसवून माफ करू नका. तो अक्काचा अपमान आहे."

आबांनी खडा फोडला.  मग तार कापायची कातर घेतली आणि वहीच्या पहिल्या पानांचा दोरा कापला.

पहिल्याच पानावर, शाळकरी वळणाच्या अक्षरात, एका शेतकऱ्याचं नाव होतं. ‘काय झालं’मध्ये होतं: ‘लाल चालूचं, हिरवं बंदचं. हात भाजला.’ आणि ‘चूक कुणाची’मध्ये आबांचं स्वतःचं नाव, बापाच्या नावासकट, आडनावासकट.

"त्या दिवशी स्टार्टरच्या बटनांना नीट बसतील अशा टोप्या नव्हत्या माझ्याकडे," ते म्हणाले. "होत्या त्या उलट्याच बसत होत्या, तशाच लावून दिल्या. म्हटलं, काय होतं? लाल म्हणजे बंद समजून त्याने दाबलं आणि आत हात घातला. दवाखान्यात भेटायला गेलो, तर तोच मला म्हणाला, मीच नीट पाहिलं नाही. मी म्हटलं, हो, तूच नीट पाहिलं नाहीस." आबांनी चष्मा काढला. "मरेपर्यंत लोकांना तेच सांगत ऱ्हायना तो. मनीच चूक व्हती. मनीच चूक व्हती."

त्यांनी शाईचं पेन उघडून माझ्या हातात दिलं. "लिख. पूरं नाव लिख."

मी लिहिलं.  आबांनी फुंकर मारून शाई वाळवली आणि पानं पुन्हा शिवली नाहीत.

ती वही आता माझ्याकडे आहे. आबा गेल्यावर त्यांच्या सुनेने अक्कांच्या हाती पाठवली. अक्का वही देताना "घ्या, ताई" म्हणाल्या. त्यानंतर मी पुष्कळ लॅबमध्ये काम केलं, पुष्कळ नव्या आवृत्त्या तपासल्या, आणि प्रत्येक वेळी संगणकासमोर आधी झाडू मारणारीला बसवलं. लोक हसले. हसोत. कितीजणांनी माझ्यापुढे कागद सरकवले, "नुसती सही करा मॅडम" म्हणाले, आणि मी किती ठिकाणांहून मिनिटभरात निघून आले, ते मोजलेलं नाही. वहीची सगळी पानं भरली. त्या रकान्यात माणसांची नावं अजून दोनच आहेत. माझं तिथे दुसऱ्यांदा येणार नाही.